नाकातून पिट्युटरीची शस्त्रक्रिया झालेले पेशंट पाचव्या दिवशी गावी येत आहेत; पुढचे तीन आठवडे काय बघायचं?

घाटमाथा_दवाखाना

तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस आहे. मोठ्या रुग्णालयातल्या सोयी इथे नाहीत, त्या हिशेबानेच विचारतो आहे.

पेशंट ४६ वर्षांचे, शेती करतात. दोन्ही डोळ्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं. एमआरआयमध्ये पिट्युटरीत (मेंदूच्या तळाची हार्मोन बनवणारी ग्रंथी) २४ मिलिमीटरची गाठ निघाली, वर सरकून डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे टेकलेली. प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच एक हार्मोन) किंचित वाढलेलं, बाकी कुठलंच हार्मोन जास्त नाही. शहरात नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी डिस्चार्ज, पाचव्या दिवशी घरी पोचतील. रुग्णालय इथून १७० किलोमीटर, मध्ये घाट. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची.

डिस्चार्ज कार्डावर एवढंच आहे: हायड्रोकॉर्टिसोन (शरीरातल्या कॉर्टिसोल हार्मोनची गोळी) १०-५-५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल, पॅन्टोप्राझोल, अँटिबायोटिक, नाकात सलाइनचा स्प्रे, ‘सातव्या दिवशी सीरम सोडियम’, ‘नाक शिंकरू नये’. आधीपासून बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन-एच. शस्त्रक्रियेत मेंदूभोवतीचं पाणी गळलं होतं का, हे कार्डावर नाही.

इथे सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट तीन तासांत मिळतो. सीटी ३५ किलोमीटरवर. तीन टक्के सलाइन मागवून ठेवता येईल.

विचारायचं ते असं. पाणी किती प्यायला सांगू? नाकातून येणारं पाणी सर्दीचं की आतलं, हे इथल्या इथे कसं ओळखू? आणि कशासाठी वेळ न घालवता परत पाठवू? घरचे फोनवर एकच म्हणत आहेत, “टाका तर कुठेच दिसत नाही, मग एवढं जपायचं कशाला?” त्यांना पटेल असं काही सांगता आलं तर फार बरं होईल.

स्फेनॉइड_मार्ग (न्यूरोसर्जरी)

डॉक्टर, घरच्यांच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण आत काय केलंय हे कळलं की बाकीच्या सूचना आपोआप पटतात.

दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची असते. नाकातली त्वचा आक्रसावी म्हणून औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात, मधला टर्बिनेट (नाकातला हाडाचा कंगोरा) बाजूला सरकवतात आणि मागे स्फेनॉइड सायनसचं, म्हणजे नाकामागच्या हाडातल्या पोकळीचं, तोंड शोधतात. नाकाची मागची कमान जिथे संपते तिथून साधारण दीड सेंटिमीटर वर ते सापडतं. मग नाकाच्या पडद्याचा मागचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग काढतात, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांतून दोघा सर्जनांना हात चालवता येतात. स्फेनॉइडची पुढची भिंत उघडली की समोर पिट्युटरीची हाडाची बैठक दिसते. डावी-उजवीकडे कॅरोटिड धमन्या, वर डोळ्यांच्या नसा. हिऱ्याच्या बरने (बारीक ड्रिलने) हाड पातळ करून काढायचं, आतला जाड पडदा कापायचा आणि गाठ खुरवडून बाहेर आणायची. आधी खालची, मग बाजूची, शेवटी वरची. हा क्रम चुकवून वरची गाठ आधी काढली तर वरचा पातळ पडदा फुग्यासारखा खाली लोंबतो आणि कोपऱ्यात उरलेली गाठ त्याच्याआड दडते. तो पडदा फाटला तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात येतं.

घरच्यांना सांगायचं ते इथे आहे. हाडाला पाडलेलं ते भोक कुणी शिवत नाही, शिवता येत नाही. त्यावर कधी पोटाची किंवा मांडीची चरबी, कधी मांडीचं आवरण, वरून नाकाच्याच पडद्याची रक्तवाहिनीसकट उचललेली झडप आणि फायब्रिन ग्लू असं एकावर एक बसवलेलं असतं. ते सगळं नुसतं टेकलेलं आहे. पक्कं चिकटायला आठवडे लागतात. पोटावरचा टाका सुटला तर दिसतो. इथे झडप सरकली तर मेंदू आणि नाक यांच्यामध्ये आडोसाच राहत नाही. नाक जोरात शिंकरलं तर त्या वाटेने हवासुद्धा कवटीत शिरते.

म्हणून पहिलं काम, आजच सर्जनच्या टीमला फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या. पाणी गळलं होतं का, आणि किती? झडप बसवली आहे का? नाकात प्लास्टिकचे स्प्लिंट किंवा पॅकिंग राहिलं आहे का, आणि ते कोण, कधी काढणार? पेशंटच्या पोटावर किंवा मांडीवर बारीक टाका दिसला तर चरबी घेतली होती हे तुम्हाला न विचारताही कळेल. त्या टाक्याकडेही लक्ष ठेवा, तिथे रक्त साचू शकतं.

गळती ओळखायची पद्धत अशी: स्प्रे मारल्यावर दोन तास जाऊ द्यायचे, नाहीतर स्प्रेचंच पाणी दिसेल. मग खुर्चीत बसवून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, डोकं खाली करून एक मिनिट थांबायचं. एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ थेंब टपटप पडले तर ती गळती धरून चाला. सर्दीचं पाणी चिकट असतं, रुमालावर वाळल्यावर कापड कडक होतं. गळतीच्या पाण्याने ते कडक होत नाही. थेंब पडले नाहीत तरी दोन गोष्टी विचारा. घशात मागून खारट पाणी उतरतंय का? सकाळी उशी ओली असते का? पडून राहणाऱ्या माणसाला गळती नाकातून दिसतच नाही, तो ती गिळत असतो.

ग्लुकोजच्या पट्टीवर विसंबू नका. नाकातल्या स्रावात, अश्रूंत आणि रक्तातही साखर असते, त्यामुळे पट्टी फसवते. खात्रीची तपासणी बीटा-२ ट्रान्सफेरिनची, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यातल्या प्रथिनाची. ती तालुक्याला होणार नाही, पण स्वच्छ बाटलीत थोडं पाणी गोळा करून पेशंटसोबत पाठवलं तर पुढे उपयोग होतो.

गळतीची शंका आली की डोकं ३० अंश उंच ठेवून झोपवा, जोर लागेल असं काही करू देऊ नका आणि त्याच दिवशी पाठवा. नाकात घट्ट पट्टी कोंबू नका. पाणी दिसेनासं होतं, थांबत नाही. वर पट्टीत जंतू वाढतात ते वेगळंच.

मीठ_आणि_पाणी (एंडोक्राइनॉलॉजी)

स्फेनॉइड_मार्ग यांनी गळतीचं नेमकं सांगितलं आहे. माझ्या मते मात्र या पेशंटला येत्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोका नाकाचा नाही, सोडियमचा आहे. घरी गेल्यानंतर पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं ते नेहमीचं कारण, आणि ते गाठतंही नेमकं पेशंट रुग्णालयापासून लांब गेल्यावर.

लघवी आवरून धरणारं हार्मोन, व्हॅसोप्रेसिन, पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं. शस्त्रक्रियेत त्या भागाला किंवा पिट्युटरीला मेंदूशी जोडणाऱ्या देठाला धक्का लागला की पहिल्या एक-दोन दिवसांत हार्मोन सुटायचं थांबतं. लघवी पाण्यासारखी, ढीगभर; तहान भागत नाही. हा डायबिटीस इन्सिपिडस. काही दिवसांनी दुखावलेल्या पेशींत साठलेलं हार्मोन एकदम बाहेर पडतं आणि शरीर पाणी सोडेनासं होतं. प्यायलेलं पाणी आत साचतं, सोडियम पातळ होतं. हे चौथ्या ते दहाव्या दिवसांत घडतं, नीचांक बहुतेक वेळा सातव्या दिवसाच्या आसपास. पहिला टप्पा मुळीच न दिसता थेट हा दुसरा टप्पा येणं अगदी नेहमीचं. म्हणजे वॉर्डात सगळं छान, सोडियम १३९, घरी पाठवलं आणि तीन दिवसांनी १२२.

आता आपल्याकडचा घोळ. पेशंट घरी येतो, अशक्त दिसतो, डोकं दुखतंय म्हणतो. घरचे प्रेमाने शहाळी आणतात, लिंबू सरबत देतात, ‘अंगात पाणी राहू दे’ म्हणत तांब्याने पाणी पाजतात. मग मळमळ सुरू होते. कुणीतरी म्हणतं सलाइन लावा. लावलं जातं डीएनएस (साखर-मिठाचं सलाइन) किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी), आणि सोडियम आणखी घसरतं. व्हॅसोप्रेसिन जास्त असताना नॉर्मल सलाइनसुद्धा उलटू शकतं, कारण मूत्रपिंड त्यातलं मीठ लघवीतून टाकून देतं आणि पाणी ठेवून घेतं. तेव्हा पहिली विनंती ही की सोडियम हातात आल्याशिवाय या पेशंटला कुठलीही बाटली लावू नका.

पाणी किती, तर वॉर्डात डायबिटीस इन्सिपिडस झाला नसेल आणि डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनच्या जागी देतात ते औषध) चालू नसेल तर दहाव्या दिवसापर्यंत २४ तासांत एक ते सव्वा लिटर. यात चहा, ताक, आमटी, वरण, पेज सगळं धरायचं. उन्हाळा असेल, घाम खूप येत असेल तर दीड लिटरपर्यंत. डेस्मोप्रेसिन चालू असेल किंवा लघवी तीन लिटरच्या वर जात असेल तर मात्र ही मर्यादा लावायची नाही. त्या माणसाचं पाणी तोडलं तर सोडियम दीडशेपार जाईल. दोन्ही सूचना एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून आधी लघवी मोजायची आणि मगच पाण्याचं ठरवायचं.

टेल्मिसार्टन-एच मधला ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. तेही सोडियम पाडतं. आजच साधी टेल्मिसार्टन करा, बीपी पाहून हवी तर अॅम्लोडिपिन जोडा. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक वगैरे देऊ नका. रक्तस्रावाचा प्रश्न आहेच, शिवाय ती औषधं व्हॅसोप्रेसिनचा जोर वाढवतात. पॅरासिटामॉल पुरतं.

सोडियम फक्त सातव्या दिवशी? माझं म्हणणं, पोचल्यावर पाचव्या दिवशी एकदा, सातव्याला, आणि नवव्या-दहाव्याला. तुमच्याकडे तीन तासांत रिपोर्ट मिळतो ही मोठी सोय आहे, ती वापरा.

स्फेनॉइड_मार्ग

एक दुरुस्ती सुचवू का? आमच्या विभागात सरसकट सगळ्यांना आठवडाभर दीड लिटर सांगतात, सव्वाच्या खाली जात नाही. शेतकरी माणूस, एप्रिल-मेचे दिवस, पत्र्याचं घर. एक लिटर सांगितलं की तो पाळत नाही, आणि एकदा सूचना मोडली की बाकीच्या सूचनाही मोडतो.

मीठ_आणि_पाणी

मान्य, हवामानाचा मुद्दा बरोबर आहे. पाचव्या दिवशीचं सोडियम १३८ च्या वर असेल तर दीड लिटर ठेवा. १३५ ते १३८ मध्ये रेंगाळत असेल तर एक लिटर. आकडा पाहून ठरवलेलं बरं.

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टर, मोजमाप घरी जमवायचं तर साध्या वस्तूंनीच जमतं. सांगते.

पाण्यासाठी एक लिटरची स्वच्छ बाटली सकाळी भरून पेशंटच्या उशाशी ठेवायची. जे काही प्यायचं ते त्या बाटलीतून वजा करायचं. एक कप चहा घेतला तर कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. हिशेब लिहायला लागत नाही, बाटली संपली की दिवसाचं पाणी संपलं. तोंड कोरडं पडतं, कारण नाक बंद असल्याने माणूस तोंडाने श्वास घेतो. त्याला तहान समजू नका. चूळ भरून थुंकायची, ओठांना तूप लावायचं.

लघवीसाठी तोंड मोठं असलेला, एक लिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा डबा. प्रत्येक वेळी वेळ आणि माप लिहायचं. सलग दोन तास तासाला २५० मिलिलिटरपेक्षा जास्त झाली, किंवा रात्री दर तासाला उठावं लागलं आणि थंड पाणीच हवंसं वाटत राहिलं, तर डॉक्टरांना रात्रीच फोन. लघवीचा रंग बघा. पाण्यासारखी पांढरी आणि भरपूर, ही एक गोष्ट. गडद आणि थोडी, सोबत डोकं जड, ही दुसरी.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय.

दिवस मोजताना घोळ होतो. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरायचा, दुसऱ्या दिवसापासून एक. कॅलेंडरवर सातव्या दिवशी गोल करून ‘रक्त’ लिहून ठेवायला सांगा.

१०-५-५ म्हणजे सकाळ-दुपार-रात्र असं घरचे वाचतात. शेवटची गोळी रात्री जेवणानंतर द्यायची नाही, झोप उडते. सकाळी उठल्या-उठल्या १०, दुपारी १ च्या सुमारास ५, संध्याकाळी ५ पर्यंत ५.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथलं की डोक्यात दाब वाढतो. पण इसबगोल नको, त्याला भरपूर पाणी लागतं आणि पाणी तर आपण मोजून देतोय. लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलिटर रात्री. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून जोर लागतो, कमोडची खुर्ची मिळाली तर महिनाभर वापरा.

शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. वाकून चप्पल, बादली, वैरणीचा भारा उचलायचा नाही. पाच किलोच्या वर काहीही नाही, सहा आठवडे. झोपताना दोन उश्या.

नासिका_तज्ज्ञ (कान-नाक-घसा)

नाकाबद्दल थोडक्यात, कारण बहुतेक बाबी आपसूक बऱ्या होतात.

पहिले दोन आठवडे नाक बंद वाटणं, तपकिरी रक्ताच्या खपल्या, वास न येणं हे अपेक्षित. वास बहुतेकांना काही आठवड्यांत परत येतो, काहींना तीन महिने लागतात. जेवणाला चव नाही म्हणून घरचे काळजी करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. खपली बोटाने किंवा काडीने काढायची नाही. तिच्याखाली झडप असू शकते.

स्प्रे चालेल, दिवसातून चार-पाच वेळा. बाटलीने नाक धुणं सर्जन सांगतील तेव्हाच, आणि तेव्हाही पाणी उकळून थंड केलेलं. जलनेतीची सवय असलेले लोक खपल्या दिसल्या की आपणहून सुरू करतात. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्याने ती या अवस्थेत अतिशय धोक्याची, कारण नाक आणि मेंदू यांच्यामधली भिंतच उघडलेली आहे. नाकात तेल किंवा तूप सोडणं, तपकीर, कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन यांतलं काहीही नाही. तपकीर ओढणाऱ्याला हे थेट नाव घेऊन सांगावं लागतं. ‘तंबाखू बंद’ म्हटलं की तपकीर त्यात येते असं त्याला वाटत नाही.

रक्ताचं: गुलाबी-तपकिरी ओल चालते. लाल धार लागली तर मात्र ती झडपेजवळच्या स्फेनोपॅलेटाइन धमनीची असू शकते, आणि ती एक-दोन आठवड्यांनीही फुटते. पेशंटला पुढे वाकवून बसवा, बीपी आटोक्यात आणा, ऑक्सिमेटाझोलिनचे (रक्तवाहिन्या आवळणारे) थेंब टाका आणि पाठवा. धार इतकी मोठी असेल की पेशंट घाटात दगावेल, तरच नाकात पॅक घाला. तेव्हा जीव आधी, झडप नंतर.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असल्याने कुणाकडे सीपॅप मशीन असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय ते लावायचं नाही. दाबाची हवा थेट भोकावर जाते. या पेशंटला ते नसेलही, पण अॅक्रोमेगालीच्या (पिट्युटरीच्या गाठीतून वाढीचं हार्मोन जास्त झालेल्या) पेशंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो.

घाटमाथा_दवाखाना

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. शस्त्रक्रियेत थोडं पाणी आलं होतं, मांडीची चरबी आणि झडप बसवली आहे, स्प्लिंट १४ व्या दिवशी तिथेच काढणार. डेस्मोप्रेसिन लागलं नाही. बीपीची गोळी साधी टेल्मिसार्टन केली.

पाचव्या दिवशी सोडियम १३७, पाणी एक लिटर सांगितलं. आज सातवा दिवस. सोडियम १२९, पोटॅशियम ४.१. डोकं जड, थोडी मळमळ, उलटी नाही. बीपी १२४/७८, नाडी ८०, पूर्ण भानावर. लघवी काल ९०० मिलिलिटर, गडद. वजन एक किलोने वाढलंय. काल पाहुणे आले होते आणि दोन शहाळी झाली, हे आज कळलं. इथेच सांभाळू की पाठवू?

मीठ_आणि_पाणी

डॉक्टर, आधी एक गोष्ट नक्की करा: हायड्रोकॉर्टिसोनची एकही गोळी चुकली नाही ना? चुकली असेल किंवा उलटीत गेली असेल तर हे सोडियम कॉर्टिसोलच्या कमतरतेचं असू शकतं आणि नुसतं पाणी तोडून भागणार नाही. शंका असेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्या. त्याने नुकसान नाही, उशिराने आहे. बीपी चांगलं, नाडी शांत, पोटॅशियम बरोबर, वजन वाढलेलं, लघवी गडद: चित्र पाणी साचल्याचं दिसतंय, अंग सुकल्याचं नाही.

गोळ्या नीट चालू असतील तर सर्जनच्या टीमला कळवून, त्यांच्या संमतीने आजचा दिवस इथेच पाहता येईल, तेही दवाखान्यात खाटेवर, घरी नाही. पाणी ८०० मिलिलिटर. जेवण नेहमीच्या मिठाचं, प्रथिनं भरपूर: अंडी, पनीर, घट्ट वरण. सोडियम सहा-आठ तासांनी पुन्हा आणि उद्या पहाटे.

तीन रेघा आखून ठेवा. १२५ च्या खाली गेलं, तर लक्षणं असोत-नसोत, रुग्णवाहिका. उलट्या सुरू झाल्या, बोलणं विस्कळीत झालं किंवा गुंगी आली, तर आकडा कितीही असो, पाठवा. झटका आला किंवा शुद्ध गेली, तर जागेवरच तीन टक्के सलाइन १०० ते १५० मिलिलिटर, १० ते २० मिनिटांत, चांगल्या जाड शिरेतून. फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच, आणि मग निघायचं. एवढ्या थोड्या सलाइनने सोडियम साधारण दोन-तीनने वर येतं आणि मेंदूची सूज उतरायला ते पुरतं.

वर आणतानाही घाई नको. २४ तासांत आठापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. फार वेगाने वाढलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण झडतं, आणि त्याने आलेली दुर्बलता कायमची राहू शकते. सोडियम एकदम उसळी मारतं ते साचलेलं पाणी मोकळं सुटलं की. म्हणून उद्या लघवी अचानक वाढली तर लगेच सोडियम बघा, आणि पाण्याची मर्यादा सैल करा.

स्फेनॉइड_मार्ग

एक जोड. डोकेदुखी सोडियमचीच आहे असं ठरवण्याआधी मान वाकवून बघा, ताप बघा, गळतीची एक मिनिटाची चाचणी आज पुन्हा करा. ताप, मान ताठ आणि उजेड सहन न होणं, या तिघांतलं काहीही दिसलं तर मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग) समजून लगेच पाठवायचं, सोडियमची वाट पाहायची नाही. चार-पाच तासांचा प्रवास आहे, तेव्हा निघण्याआधी जंतूंच्या तपासणीसाठी रक्ताचा कल्चर घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस कोणता द्यायचा हे सर्जनकडून फोनवर विचारून घ्या. शस्त्रक्रियेनंतरचे जंतू एरवी होणाऱ्या मेनिंजायटिसपेक्षा वेगळे असतात, औषधही वेगळं लागतं.

दृष्टिपटल (नेत्ररोग)

डोळ्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. दवाखान्यात दोन मिनिटांत होतं. एक डोळा झाकायचा, समोर बसून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण मध्यभागी आणि मग कानाच्या बाजूला धरायचं. कडेला तेच लाल फिकट, विटकरी दिसतं का हे विचारायचं. दुसऱ्या डोळ्याला तसंच. आजचं उत्तर लिहून ठेवा आणि रोज त्याच्याशी ताडा. शस्त्रक्रियेनंतर नजर सुधारायला हवी, निदान आहे तिथे राहायला हवी. कमी होता कामा नये. कमी झाली, दोन-दोन दिसायला लागलं किंवा पापणी पडली, तर आत रक्त साचल्याची शंका घेऊन तासांत सीटी आणि सर्जन. नजर गेल्यावर जितका उशीर, तितकी ती परत येण्याची शक्यता कमी. फील्डची (नजर कडेला कुठवर पोचते त्याची) यंत्रावरची तपासणी तीन महिन्यांनी एमआरआयच्या सुमाराला करून घ्या. त्याआधी एमआरआय केला तर भरलेली चरबी आणि सूजच गाठीसारखी दिसते.

घाटमाथा_दवाखाना

गोळ्या चुकल्या नव्हत्या, पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून पाहिल्या. मान मोकळी, ताप नाही, चाचणीत थेंब नाही. लाल झाकण दोन्हीकडे शस्त्रक्रियेआधीपेक्षा चांगलं दिसतंय असं पेशंट म्हणतात. सर्जनच्या टीमशी बोलून दाखल केलं.

सातव्या दिवशी रात्री १२८, आठव्याला सकाळी १३०, नवव्याला १३४, मळमळ गेली. आज दहावा दिवस: १३८. काल लघवी अडीच लिटर झाली, पाणी तहानेप्रमाणे मोकळं केलं. १४ व्या दिवशी स्प्लिंट काढायला शहरात जातील.

आता शेवटची शंका. हायड्रोकॉर्टिसोन किती दिवस? घरचे म्हणतात स्टेरॉइड वाईट, बंद करा. पेशंट एकादशीचा उपवासही करतात.

मीठ_आणि_पाणी

उत्तम सांभाळलंत डॉक्टर. दोन शहाळ्यांचा शोध घेतलात, तिथेच निम्मं काम झालं.

ही गोळी सूज उतरवायला दिलेलं स्टेरॉइड नाही. शरीर जे रोज स्वतः बनवतं तेच बाहेरून पुरवतोय, म्हणून मनाने बंद केली तर जीवाला धोका. उपवासाला गोळी घ्यायची, आणि निर्जळा उपवास सध्या कुठलाच नाही. ताप ३८ अंशांच्या वर गेला तर ताप असेपर्यंत डोस दुप्पट. दोनदा उलटी होऊन गोळी पडली तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत. ते इंजेक्शन तुमच्या फ्रिजशेजारच्या कपाटात या माणसाच्या नावाने ठेवा, आणि पेशंटच्या पाकिटात ‘हायड्रोकॉर्टिसोनवर आहे, बंद करू नये’ अशी मराठीत चिठ्ठी.

बंद करता येईल का ते साधारण सहा आठवड्यांनी सकाळच्या कॉर्टिसोलवरून ठरतं. नमुना घेताना चूक होते ती अशी की पेशंट नेहमीप्रमाणे सकाळची गोळी घेऊन येतो आणि रक्तात गोळीचंच कॉर्टिसोल मोजलं जातं. आदल्या दिवशीची दुपारची गोळी शेवटची, संध्याकाळची वगळायची, सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त द्यायचं आणि लगेच तिथेच, लॅबच्या बाकावर, १० ची गोळी घ्यायची. त्याच रक्तात फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) बघा. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) एकट्याने काही सांगत नाही, पिट्युटरीच दुखावलेली असताना ते नॉर्मल येऊ शकतं. थायरॉइडची गोळी लागलीच, तर ती हायड्रोकॉर्टिसोन चालू असतानाच सुरू करायची. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) दिलं तर अॅड्रिनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसोलअभावी जीवघेणी अवस्था, ओढवतो.

आणि गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट १४ व्या दिवशी आठवणीने मागून घ्यायला सांगा. प्रोलॅक्टिन किंचित वाढलेलं होतं ते देठ दबल्याने, असं आपण धरलंय. गाठ फार मोठी असेल तर लॅबमध्ये नमुना पातळ न करता मोजलेलं प्रोलॅक्टिन खोटं कमी येऊ शकतं, आणि प्रोलॅक्टिनोमा (प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ) तर बहुधा कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येतो. रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिनचं स्टेनिंग (गाठीच्या पेशी ते बनवतात का याची रंगाची चाचणी) काय आलंय ते इथे लिहा.